रद्द दगडाची एकच प्रत

व्हर्ना टिलॉटसन सकाळी आठ ते बारा, हॉलिस बाउडेन दुपारी एक ते पाच. मधला एक तास माझा. करारात हे असंच लिहिलेलं होतं आणि खाली तिघांच्या सह्या होत्या. दोघांनी समोरासमोर यायचं नाही, एकमेकांना फोन करायचा नाही, निरोप असलाच तर फेलीकडे द्यायचा. फेली म्हणजे मी, युफेलिया माएस. बेलेन गावात रेल्वे यार्डामागच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात मी अडतीस वर्षं दगडावरून चित्रं छापत आले आहे. चित्रं दुसऱ्यांची, खांदा माझा.

हे दोघं एके काळी एकोणीस वर्षं एकाच छपराखाली काम करायचे. लग्नबिग्न काही नव्हतं, पण दोघांत मिळून एक कुत्रा होता, निकेल नावाचा, राखाडी, एक कान पडलेला. अकरा वर्षांपूर्वी हॉलिस प्रदर्शनासाठी शिकागोला गेला असताना निकेल आजारी पडला, आणि व्हर्नानं त्याला डॉक्टरकडे नेऊन शेवटची सुई देववली. ती म्हणते, मी चार फोन केले. तो म्हणतो, एकही आला नाही. त्यानंतर तो आपले ब्रश घ्यायलासुद्धा तिकडे फिरकला नाही. मग सुरू झालं मासिकांतून आणि मुलाखतींतून तोंडसुख घेणं. तिच्या रंगांना तो दाताच्या दवाखान्याचे रंग म्हणाला. त्याची चित्रं बघितली की आपल्याला झोप चांगली लागते, असं ती म्हणाली. लोकांना हे भांडण फार आवडलं. भांडण वाढलं तसं दोघांचं नावही वाढलं, आणि अल्बुकर्कीच्या एका संग्रहालयाला वाटलं की आपल्या पन्नासाव्या वर्षी या दोघांकडून मिळून एक चित्र करून घ्यावं. एकच दगड, दोघांचे हात, फक्त चोवीस प्रती, प्रत्येक प्रतीवर दोघांच्या सह्या, आणि मग दगड रद्द.

"दोघांनी हो म्हटलं?" मी संग्रहालयाच्या क्विंटानाबाईंना फोनवर विचारलं.

"दुसरा नाही म्हणेल या आशेवर दोघांनी हो म्हटलं," बाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं ते वेगळ्या कारणानं. माझा उजवा खांदा संपला होता. हाताचा प्रेस नाताळपर्यंत चालवा, पुढे नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. अडतीस वर्षांत मी शेकडो चित्रं छापली; त्यातली बरीचशी चांगली होती आणि एकही असं नव्हतं की ज्याच्यासमोर उभं राहून मी म्हणावं, बाई, यासाठी जन्म गेला तरी चालेल. मला तसं एक हवं होतं. या दोघांकडून ते निघेल असं मला वाटलं. का ते विचारू नका, मला दोघंही आवडत नव्हते.

पहिल्या सकाळी व्हर्ना आली. बुटकी, पुरुषी शर्ट घातलेली, स्वतःची कॉफी थर्मासमधून आणणारी, कारण माझी तिला चालत नाही. दगड टेबलावर तयार होता, मऊ, करडा, शाळेच्या पाटीच्या चौपट. तिनं तेलकट खडू घेतला आणि चार तासांत एक स्वयंपाकघरातलं टेबल काढलं, रिकामं.

"त्याला सांग, टेबल माझं आहे," जाताना ती म्हणाली. "हात लावायचा नाही."

एक वाजता हॉलिस आला. उंच, वाकलेला, टोपी घरातही न काढणारा. बराच वेळ दगडाकडे बघून म्हणाला, "हे टेबल आहे होय? मला वाटलं कुणाचा गोठा पडलाय." मग त्यानं टेबलाशी एक खुर्ची काढली, टेबलाकडे पाठ केलेली. खुर्ची अशी काढली होती की तिच्यावरून कुणीतरी आत्ताच रागानं उठून गेलंय हे आंधळ्यालाही कळावं.

दुसऱ्या सकाळी व्हर्नानं पातं घेतलं आणि खुर्चीचा एक पाय खरवडून टाकला.

"व्हर्ना, ते त्याचं आहे," मी म्हटलं.

"खुर्ची त्याची. पाय माझ्या टेबलाखाली आला होता."

दुपारी हॉलिसनं तीन पायांची ती खुर्ची टेबलाला अशी टेकवली की आता टेबलच कलंडणार असं वाटावं. सकाळी तिनं टेबलाच्या चारही पायांत हातभर लांबीचे खिळे ठोकले. दुपारी त्यानं टेबलाखालची जमीन काढून घेतली. म्हणजे फरशी होती तिथं त्यानं उन्हानं तडकलेली माती काढली, पार क्षितिजापर्यंत, आणि घराच्या भिंतीच गेल्या. सकाळी तिनं स्वतःसाठी एक खुर्ची काढली, ताठ, त्याच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

आणि मला निरोपांवर निरोप. "तिला सांग, खिळे काढायला शिकायचं असेल तर माझ्याकडे शिकवणी लावावी." "त्याला सांग, माती बरी जमलीय, शेवटी मातीच जमणार होती." मी म्हटलं, मी चित्र छापते, तुमची भांडीकुंडी पोचवत नाही. पण पोचवायचे. एक शब्द गाळत नव्हते. उलट आपल्या पदरचं मीठ थोडं घालायचे, हे आज कबूल करते.

कारण मधला तास. बारा ते एक मी दगडापासून लांब उभी राहून बरिटो खायचे. लांब अशासाठी की या दगडाला बोटाचा साधा तेलकटपणा लागला तरी तो छापताना काळा उमटतो. तेव्हा लांबून बघायचे. आणि दर दिवशी चित्र आदल्या दिवशीपेक्षा चांगलं झालेलं असायचं. दोघांनी वेगवेगळं काढलेलं काम मला ठाऊक होतं. तिचं नेहमी जरा नीटनेटकं, त्याचं जरा नाटकी. इथं तिचं नीटनेटकेपण तो मोडत होता आणि त्याचं नाटक ती खरवडत होती. उरत होतं ते दोघांनाही एकेकट्यानं कधी जमलं नव्हतं. द्वेषातून एवढं चांगलं काही निघतं हे मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला तो द्वेष हवाच होता. तो शमला असता तर मीच फुंकर मारून पेटवला असता.

आठव्या सकाळी व्हर्नानं दोन खुर्च्यांच्या मधोमध कुत्रा काढला. बसलेला, थेट आपल्याकडे बघणारा, एक कान पडलेला.

त्या दुपारी हॉलिस दगडासमोर आला आणि तिथंच थांबला.

"हे काय आहे?"

"कुत्रा."

"कुत्रा आहे ते दिसतंय मला. कान चुकीचा पाडलाय."

"हॉलिस, दगडावर उलटं असतं. कागदावर बरोबर येईल."

हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं. तो पाचपर्यंत स्टुलावर बसून राहिला आणि एक रेघ न काढता गेला. दुसऱ्या दिवशी मात्र आल्या आल्या त्यानं कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक व्हर्नाच्या खुर्चीला. "तिला सांग," तो दात-ओठ खात म्हणाला, "कुणाच्या हातात होतं ते लोकांना दिसू दे."

शुक्रवारी सकाळी व्हर्नानं ते पाहिलं. तिनं दोरीचं आपल्या खुर्चीकडचं टोक खरवडलं. मग उरलेल्या दोरीला एकेक वेढा घालत, अगदी सावकाश, तिची टेलिफोनची गुंडाळीची वायर केली. वायर कुत्र्याच्या गळ्यातून निघून मातीवरून हॉलिसच्या खुर्चीखाली गेली, आणि तिथं तिनं फोनचा रिसीव्हर काढला, पडलेला.

"त्याला सांग, फोन त्याच्या खुर्चीखाली आहे. वाजतोय." तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "आणि हेही सांग की सोमवारी मी ती खुर्चीच खरवडणार आहे. सगळी. बसायला कुणी येणारच नसेल तर खुर्ची हवी कशाला?"

मी दुपारी शब्द न् शब्द सांगितलं. हॉलिसनं खाली वाकून तो रिसीव्हर बघितला. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"सोमवारी मी पातळ शाईची बाटली घेऊन येतो," तो म्हणाला. "तिची खुर्ची, टेबल, सगळं काळं. डांबरासारखं काळं. सांग तिला. विसरू नकोस."

"मी काही विसरत नाही," मी म्हटलं.

साडेतीनलाच तो निघून गेला. मी दाराला कडी लावली आणि दगडासमोर उभी राहिले. टेबल खिळ्यांनी ठोकलेलं, खाली तडकलेली जमीन, पाठ फिरवलेली लंगडी खुर्ची, ताठ खुर्ची, मध्ये कुत्रा, गळ्यात वायर. जे मी अडतीस वर्षं शोधत होते ते समोर होतं आणि त्याला सोमवार सकाळपर्यंतचं आयुष्य होतं. सोमवारी एकजण खरवडणार, दुसरा काळं फासणार. मंगळवारी माझ्याकडे एक खराब झालेला दगड आणि दोन म्हातारी हट्टी माणसं उरणार.

आमच्या धंद्यात एक गोष्ट कुणी करत नाही. चित्रकारानं एक नमुना-प्रत बघून तिच्यावर "छापायला हरकत नाही" असं लिहून सही केल्याशिवाय छापणारा आवृत्ती काढत नाही. इथं तर दोघांच्या सह्या हव्या होत्या, आणि दोघांपैकी कुणीच कधी सही करणार नव्हतं, कारण जो सही करील त्यानं समोरच्याची रेघ शेवटची मानली असं झालं असतं. हे मला पाचव्या दिवशीच कळून चुकलं होतं.

मी डिंकाच्या पाण्यात आम्लाचे थेंब घातले आणि दगडावर ओतलं. त्यानं चित्र दगडात मुरतं. नंतर वर काही काढायचं म्हटलं तर दगड सहजी धरत नाही. ब्रश फिरवताना मी जराही थांबले नाही. भीती नंतर वाटली.

शनिवारी आणि रविवारी मी एकटीनं छापलं. हे दोन माणसांचं काम आहे, एकानं दगड ओला ठेवायचा, दुसऱ्यानं शाईचा रूळ फिरवायचा. मी डाव्या हातानं स्पंज आणि उजव्या हातानं रूळ चालवला. खांदा असा दुखत होता की प्रेसचा दांडा ओढताना मी मोठ्यानं शिव्या देत होते, आधी व्हर्नाला, मग हॉलिसला, मग देवाला. पण पहिला कागद दगडावरून उचलला आणि कुत्र्यानं माझ्याकडे बघितलं, कान बरोबर बाजूचा, तेव्हा मी रडले. खोटं कशाला सांगू? चोवीसच्या चोवीस प्रती रविवारी चारपर्यंत वाळत पडल्या होत्या. मग मी दोघांना फोन केला, सोमवारी दहाला या म्हणून. दोघांना एकच वेळ दिली. बघितल्यावर विरघळतील असं मला वाटलं होतं. एवढी मी मूर्ख.

व्हर्ना आधी आली. लांब टेबलांवर मांडलेल्या प्रती बघून ती दारातच थांबली. तिच्या मागून हॉलिस आला. अकरा वर्षांनी दोघं हातभर अंतरावर उभे होते, आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते, प्रतींकडे बघत होते. हॉलिसच आधी बोलला.

"तू सांगितलंस हिला छापायला?"

"मी? मला वाटलं तू."

"मी नाही."

"मग मीही नाही."

अकरा वर्षांतलं त्यांचं पहिलं बोलणं एवढंच. मग दोघांनी एकदम माझ्याकडे मान वळवली.

"आधी बघा तरी," मी म्हटलं. "माझ्यावर नंतर ओरडा. बघा काय झालंय ते."

"बघितलं," व्हर्ना म्हणाली. "चांगलं आहे. फार चांगलं आहे. पण संपलेलं नव्हतं."

"संपवणार होतात तुम्ही! तू खरवडणार होतीस, हा काळं फासणार होता."

"फासणार होतो असं म्हणालो होतो," हॉलिस म्हणाला. "अकरा वर्षांत मी पुष्कळ काय काय म्हणालोय. त्यातलं किती केलं, तुला काय माहीत?" त्यानं खिशातून शाईची बाटली काढून टेबलावर ठेवली. सील तसंच होतं. "शनिवारभर मी त्या रिसीव्हरचा विचार करत होतो. तो उचलणारा हात काढायचा की नाही, याचा."

व्हर्नानं त्याच्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"उचलणारा?"

"ठरवलं नव्हतं अजून."

"मी खुर्ची खरवडणार नव्हते," ती म्हणाली. "चौथा पाय परत देणार होते बहुतेक. मी पण ठरवलं नव्हतं."

 मी टेबलावरच्या प्रती उगाच सरळ करू लागले.

"फेली," व्हर्ना म्हणाली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आम्ही दोघं दुसरीकडे कुठंही बोलत नाही. या दगडावर बोलत होतो. तू मध्येच येऊन आमचं बोलणं तोडलंस, आणि वर आता ते भिंतीवर लावायला निघालीस."

"मी हे तुमच्यासाठी..."

"आमच्यासाठी?" हॉलिस हसला. तसं घाणेरडं हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही. "दहा दिवस तू मला तिचे निरोप सांगायचीस तेव्हा तुझे डोळे कसे चमकायचे, माहितेय? तुला भांडण हवं होतं. भांडण कुठं थांबवायचं तेही तुलाच हवं होतं. फाड ते."

"काय?"

"सही नसलेल्या प्रती फाडतात," व्हर्ना म्हणाली. "नियम तुला माहितेय. फाड."

मी फाडल्या. जाड सुती कागद होता, सहज फाटत नाही. प्रत्येक वेळी खांद्यातून कळ यायची. दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघत होते. चोवीस वेळा. एकानंही पुढं येऊन हात लावला नाही, पुरे म्हटलं नाही. त्यांना कुणीतरी तिसरं सापडलं होतं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर, शप्पथ सांगते, आराम होता. प्रत्येक फाटक्या कागदाबरोबर माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

"आता दगड रद्द कर," हॉलिस म्हणाला.

दगड रद्द करण्याचीही रीत आहे. चित्रावर आरपार फुली ओरखडायची आणि त्या फुलीसकट एकच प्रत काढायची, म्हणजे पुरावा राहतो की आता या दगडातून काही निघणार नाही. फुली चित्रकारानं मारायची. मी पोलादी टोचा पुढं केला. "घ्या. एवढं तरी आपल्या हातानं करा."

व्हर्नानं टोचा घेतला आणि वरच्या कोपऱ्यापासून कर्रकन तिरकी रेघ ओढली. टेबल फाडत ती मध्यावर आली, कुत्र्याच्या नाकाशी थांबली. टोचा उचलला. कुत्र्याच्या पलीकडे टेकवून खालच्या कोपऱ्यापर्यंत नेला. मग तिनं टोचा हॉलिसकडे दिला. हॉलिसनं दुसऱ्या कोपऱ्यातून ओढलं, तिच्यापेक्षा खोल. तोही कुत्र्याशी आला, टोचा उचलला, कुत्रा ओलांडला, पुढं ओढला.

मी दगड ओला केला, शाई चढवली, कागद ठेवला, दांडा ओढला. प्रत उचलून टेबलावर ठेवली आणि तिघंही तिच्यावर वाकलो.

काळ्या चित्रातून दोन पांढऱ्या रेघा चारी कोपऱ्यांतून आत आल्या होत्या आणि जिथं एकमेकींना छेदणार तिथं थांबल्या होत्या. थांबल्या होत्या त्या जागी कुत्रा बसला होता, एक ओरखडा नसलेला. बाकी सगळं मोडलेलं, त्यांनी स्वतः, दोघांनी, एकाच सकाळी, एकाच खोलीत. मी दोन दिवस ज्याच्यासाठी खांदा तोडून घेतला होता ते याच्यापुढे काहीच नव्हतं. मला ते दोघांच्या आधी कळलं, कारण ते माझं काम आहे. आणि मला एवढंच वाटलं, की यांनी कुत्र्याला सोडलं, मला नाही.

"हेच," हॉलिस हलक्या आवाजात म्हणाला.

"हेच," व्हर्ना म्हणाली. "फेली, अशा चोवीस काढ. मी आत्ता सही करते छापायला. हॉलिस?"

"दे पेन्सिल."

जी सही मिळावी म्हणून मी दहा दिवस तडफडले होते ती दोघं आता माझ्यापुढे धरत होते, एका हाताच्या अंतरावर.

"रद्द दगडातून एकच प्रत निघते," मी म्हटलं. "नियम तुम्हाला माहितेय."

"खड्ड्यात गेला नियम! छापताना कुठं होता तुझा नियम?" हॉलिस म्हणाला.

"तेव्हा मी चुकले. तुम्हीच सांगितलंत."

मी मागे जाऊन कुरुंदाच्या पुडीचा डबा आणला. दगड घासून कोरा करायला तीच वापरतात. पाणी ओतलं, मूठभर पूड टाकली आणि लोखंडी जड तबकडी दगडावर ठेवली. मला काय करायचंय हे व्हर्नाला कळलं तेव्हा ती ओरडली. हॉलिसनं माझं मनगट धरलं. "फेली, नको. फेली, ऐक. तुला काय हवं ते सांग."

"हात सोड," मी म्हटलं. "दगड माझा आहे."

त्यानं सोडला. मी तबकडी फिरवली. दोन वेढ्यांत खुर्च्या गेल्या. कुत्रा शेवटी गेला, कारण मी मधून सुरुवात केली नाही. तेवढा दुष्टपणा माझ्यात होता. मी नियमाचं नाव घेतलं, पण तो नियम नव्हता, राग होता, आणि त्या रागात मी त्या दोघांच्या किती तरी पुढे होते. त्यांनी अकरा वर्षांत एकमेकांची एक चांगली गोष्ट मारली नव्हती, नुसतं बोलले होते. मी माझ्या हातानं मारली.

शेवटी करड्या चिखलाखाली कोरा दगड उरला. व्हर्ना स्टुलावर बसून होती. हॉलिसनं त्या एकुलत्या प्रतीवर खाली उजवीकडे सही केली आणि पेन्सिल तिला दिली. डावी बाजू कुणाची, आधी नाव कुणाचं, यावर एक अक्षर नाही. ज्या गोष्टीवरून करारातली तीन पानं भरली होती ती गोष्ट अर्ध्या मिनिटात झाली. तिनंही सही केली. एकापैकी एक, असं त्यानं मध्ये लिहिलं.

मग व्हर्नानं ती प्रत माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक छापखान्याचा एक शिक्का असतो, बिनशाईचा, कागदाच्या कोपऱ्यात नुसता दाबून उठवायचा. त्यावरून हे कुणी छापलं ते पुढच्यांना कळतं.

"मार," ती म्हणाली. "काही झालं तरी छापलंयस तू. एवढं आम्ही नाकारत नाही."

ती खरंच देत होती. मी ते ओळखलं आणि तरी म्हणाले, "असल्या घाणीवर माझा शिक्का नाही लागायचा. उचला आणि चालते व्हा."

हॉलिसनं प्रत दोन पुठ्ठ्यांमध्ये घातली. दोघं एकाच दारातून बाहेर पडले आणि यार्डाच्या बाजूला त्याच्या गाडीत बसले, तिची गाडी तिथंच राहिली. मी ती संध्याकाळपर्यंत खिडकीतून बघत होते.

संग्रहालयानं ती एकच प्रत लावली, मोठ्या खोलीत, एकटी, समोर बाक ठेवून. लोक येतात आणि बसून राहतात. मी नाताळनंतर एकदा गेले. प्रेस तेव्हा विकला होता. बाकावर एक बाई बसली होती, तिचे डोळे भरले होते. मी जवळ जाऊन पाटी वाचली. व्हर्ना टिलॉटसन आणि हॉलिस बाउडेन, शिळाछाप, एकमेव प्रत. त्याखाली लिहिलं होतं, छापणारा अज्ञात. शिक्का नसला की संग्रहालय छापणाऱ्याचं नाव लावत नाही, ठाऊक असलं तरी.

घरी येऊन मी क्विंटानाबाईंना पत्र लिहिलं. चूक झाली, रागात होते, नाव लावता येईल का. तीनदा लिहून फाडलं आणि चौथ्यांदा पोस्टात टाकलं. बाई भल्या आहेत. त्यांनी कळवलं की त्यांची काही हरकत नाही, फक्त कलावंतांची परवानगी लागते, दोघांचीही, आणि त्यांनी दोघांना विचारलं आहे.

फेब्रुवारीत पाकीट आलं. आत एकच कागद होता, मध्ये एकच ओळ: छापणाऱ्याचं नाव लावू नये. खाली दोन सह्या, शेजारी शेजारी, एकाच पेन्सिलीनं केलेल्या.